कोलेस्टेरॉल राहतं कुठे?

लिपिड प्रोफाइलसाठी तुमचं रक्त घेतलं की आम्ही लॅबवाले पहिलं काम काय करतो, तर त्यातलं बरंचसं कोलेस्टेरॉल बाजूला काढतो. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरते, लाल पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर सिरम उरतं. मशीनमध्ये जातं ते हे सिरम. तळाला बसलेल्या प्रत्येक लाल पेशीच्या पटलात कोलेस्टेरॉल ठासून भरलेलं असतं, पण ते रिपोर्टात कुठेच येत नाही. नळी यथावकाश जैविक कचऱ्यात जाते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, सांगलीत माझी लॅब आहे. ‘मॅडम, कोलेस्टेरॉल वाढलंय का हो?’ हा काउंटरवरचा रोजचा प्रश्न. वाढलंय की नाही ते मी सांगते. पण हे कोलेस्टेरॉल मुळात राहतं कुठे, असं कुणी विचारत नाही. माझ्या मते आधी विचारायला हवं ते हेच. कारण या पदार्थाचे गुण आणि अवगुण ते कुठे आहे आणि कोणाच्या शेजारी आहे यावर ठरतात.

आधी थोडा हिशेब करू. रिपोर्टात एकूण कोलेस्टेरॉल 200 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आलं, आणि अंगात साधारण तीन लिटर प्लाझ्मा धरला, तर सगळं मिळून 6 ग्रॅम होतं. आपण ज्याची धास्ती घेतो ते एवढंच, आणि तेही प्रवासातलं. याच्या कितीतरी पट कोलेस्टेरॉल शरीरभर पेशींच्या पटलांत मुक्कामाला असतं. मेंदू वजनानं शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीरातल्या कोलेस्टेरॉलचा पाचवा ते चौथा हिस्सा एकट्या मेंदूत असतो, मुख्यतः मज्जातंतूंवरच्या वेष्टणात. शिवाय मेंदू हा माल रक्तातून घेत नाही, स्वतःचा स्वतः बनवतो.

कोलेस्टेरॉल एकटं पडलं की कसं दिसतं, ते आम्हाला पाहायला मिळतं. जुन्या हायड्रोसीलमधलं, म्हणजे अंडकोषाभोवती साठलेलं, पाणी कधीकधी तपासायला येतं. बाटली उजेडात धरून हलवली की आत चमचम फिरते. एक थेंब काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवला की दिसतात पारदर्शक, अतिशय पातळ, चौकोनी पापुद्रे. एकमेकांवर अस्ताव्यस्त पडलेले, आणि बऱ्याच जणांचा एक कोपरा कुणीतरी कापून नेलेला. हा कापलेला कोपरा दिसला की दुसरी शंका घ्यावी लागत नाही. हेच कोलेस्टेरॉल.

माणसाच्या हातीही ते पहिल्यांदा असंच लागलं, साठून घट्ट झालेलं. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पित्ताशयातल्या खड्यांतून हा मेणचट पांढरा पदार्थ वेगळा काढला गेला. पुढे त्याच्या रेणूची रचना शोधण्यात जर्मनीतल्या विलांड आणि विंडाउस यांनी आयुष्य घातलं. विलांड यांना 1927 चं आणि विंडाउस यांना 1928 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे तेव्हा मांडलेली रचना चुकीची निघाली. 1932 मध्ये इंग्लंडमध्ये बर्नाल यांनी स्टेरॉलच्या, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या कुळातल्या पदार्थांच्या, स्फटिकांवर क्ष-किरण टाकून पाहिले, तर रेणू लांबट आणि चपटा दिसला. मांडलेली रचना त्या मापात बसेना. त्याच वर्षी ती दुरुस्त झाली. हा चपटेपणा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

दुरुस्त झालेली रचना सांगायला सोपी आहे. चार वलयं, तीन षट्कोनी आणि एक पंचकोनी, एकमेकांना जखडलेली. त्यामुळे हा भाग वाकत नाही. वलयांच्या एका टोकाला हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी. पाण्याशी पटतं ते फक्त हिचं. दुसऱ्या टोकाला आठ कार्बनची छोटी, लवचिक शेपटी. पूर्ण रेणूची लांबी साधारण 2 नॅनोमीटर.

आता घर पाहू. पेशीचं पटल फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंचं असतं. प्रत्येकाला पाणी आवडणारं एक डोकं आणि पाण्यापासून पळणाऱ्या दोन लांब शेपट्या. 1925 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी लाल पेशींमधली चरबी काढून पाण्यावर एकपदरी पसरली. पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा तिनं व्यापली. निष्कर्ष सरळ होता: पटल दुपदरी आहे. डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत, समोरासमोर. सगळी जाडी मिळून 4 ते 5 नॅनोमीटर.

या दुपदरी रचनेत कोलेस्टेरॉल उभं राहतं. हायड्रॉक्सिल वर, फॉस्फोलिपिडचं डोकं आणि शेपट्या जिथे जोडलेल्या असतात त्या पातळीला. त्याखाली चपटी वलयं शेजारच्या शेपट्यांच्या वरच्या अर्ध्या भागाला चिकटून. खालची लवचिक शेपटी पटलाच्या मध्याकडे. एक रेणू एकाच पदरात मावतो. दुसऱ्या पदरात त्याचा भाऊबंद उलटा उभा असतो.

वलयांच्या चपट्या पाटीला दोन अंगं आहेत. एक अगदी गुळगुळीत. दुसऱ्यावर दोन मिथिल गट, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचे छोटे गठ्ठे, उंचवट्यासारखे वर आलेले. गुळगुळीत अंग शेजारच्या सरळ शेपटीला फट न ठेवता लागतं. हा गुळगुळीतपणा पेशीला फुकट मिळत नाही. ती आधी लॅनोस्टेरॉल बनवते, ज्याच्यावर तीन मिथिल जास्तीचे असतात, त्यातला एक नेमका गुळगुळीत बाजूला. ते एकेक करून छाटायला पेशी पायरीमागून पायरी खर्ची घालते. स्क्वालीन या कच्च्या मालापासून कोलेस्टेरॉलचा एक रेणू घडेपर्यंत ऑक्सिजनचे 11 रेणू लागतात. कोलेस्टेरॉल कसं घडतं हे शोधून 1964 चं नोबेल मिळवणारे कोनराड ब्लॉख पुढे याच प्रश्नामागे लागले: पेशी एवढा खटाटोप का करते? त्यांचं उत्तर होतं, पटलात नीट बसावं म्हणून.

नीट बसून ते करतं काय? इथे स्वयंपाकघरातला अनुभव कामाला येतो. डिसेंबरात तूप थिजतं, शेंगतेल पातळ राहतं. तुपात सरळ शेपट्यांची चरबी जास्त, त्या एकमेकींना लागून घट्ट बसतात. तेलातल्या बऱ्याच शेपट्यांना बाक असतो, म्हणून त्या दाटीनं रचल्या जात नाहीत. पेशीच्या पटलात दोन्ही प्रकार असतात. ते थिजलं तर त्यातली प्रथिनं अडकून पडतील. फार पातळ झालं तर आतलं बाहेर आणि बाहेरचं आत झिरपेल. कोलेस्टेरॉल दोन्ही टोकं टाळतं. सरळ शेपट्यांच्या मध्ये उभं राहून त्यांना एकमेकींना चिकटून थिजू देत नाही, आणि वळवळणाऱ्या शेपट्यांना आपल्या ताठ वलयांच्या आधारानं सरळ उभं करतं.

या दुसऱ्या परिणामाची खूण 1925 मध्येच इंग्लंडमधल्या लीथ्स यांना सापडली होती. फॉस्फोलिपिडचा थर पाण्यावर जेवढी जागा घेतो आणि कोलेस्टेरॉलचा थर जेवढी घेतो, त्यांच्या बेरजेपेक्षा दोघांच्या मिश्रणानं व्यापलेली जागा कमी भरली. शेपट्या ताठ उभ्या राहिल्या की त्यांना पायाखाली जागा कमी लागते, आणि थर जाड होतो.

अशा पटलाला ना घन म्हणता येतं, ना नेहमीचा द्रव. 1980 च्या दशकात त्याला ‘सुव्यवस्थित द्रव’ म्हणून वेगळी अवस्था मानलं जाऊ लागलं. वारीतली दिंडी आठवा. माणसं ओळी धरून ताठ चालतात, तरी कुणी पुढे सरकतं, कुणी मागे राहतं, आणि सगळा समुदाय पुढे जात राहतो. जत्रेतल्या गर्दीला ओळ नसते. दर्शनबारीत ओळ असते, पण हलायची सोय नसते. कोलेस्टेरॉल पटलाला दिंडीच्या अवस्थेत ठेवतं.

या व्यवस्थेत कोलेस्टेरॉलची एक अडचण आहे. त्याचं डोकं अगदी छोटं आणि तेलकट अंग मोठं. स्वतःचं अंग पाण्यापासून झाकायला ते डोकं पुरत नाही, म्हणून त्याला शेजारच्या फॉस्फोलिपिडच्या मोठ्या डोक्याखाली उभं राहावं लागतं. 1999 मध्ये हुआंग आणि फायगेन्सन यांनी मांडलेलं हे चित्र ‘छत्री प्रारूप’ म्हणून ओळखलं जातं. त्यातून दोन गोष्टी कळतात. एक, कोलेस्टेरॉलचे रेणू शक्यतो एकमेकांशेजारी गोळा होत नाहीत. छत्री धरायला प्रत्येकाला फॉस्फोलिपिड हवं असतं. दोन, या सोयीला मर्यादा आहे. नेहमीच्या फॉस्फोलिपिडच्या पटलात दर एका रेणूमागे कोलेस्टेरॉलचे फार तर दोन मावतात. त्यापुढे ते पटलातून बाहेर पडतं आणि त्याचे स्फटिक होतात. कापलेल्या कोपऱ्याचे ते पापुद्रे याच घराबाहेर पडलेल्या कोलेस्टेरॉलचे.

शेजारी बदलले की उभं राहण्याची तऱ्हाही बदलते. 2006 मध्ये हॅरून, कात्सारास आणि वॉसॉल यांनी न्यूट्रॉनचा झोत वापरून एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. ज्या पटलात सगळ्याच शेपट्यांना अनेक ठिकाणी बाक आहे, तिथे कोलेस्टेरॉलचं हायड्रॉक्सिल पाण्याच्या बाजूला सापडलंच नाही. ते दोन पदरांच्या ऐन मधोमध होतं. ताठ रेणूला वाकड्या शेपट्यांशेजारी उभं राहणं इतकं नकोसं होतं, की तो पाण्याची ओढ सोडून आत गेला.

पेशीत सगळीकडे कोलेस्टेरॉल सारखं वाटलेलंही नसतं. बाहेरच्या पटलात दर शंभर लिपिड रेणूंमागे तीस-चाळीस कोलेस्टेरॉलचे. आतल्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, जिथे ते तयार होतं, तिथे जेमतेम पाच. हा पाचाचा आकडा पेशी डोळ्यांत तेल घालून जपते. तिथलं प्रमाण त्याखाली गेलं की एक प्रथिन सुटून केंद्रकात जातं आणि कोलेस्टेरॉल बनवण्याचा, तसंच रक्तातून एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) ओढून घेण्याचा हुकूम सोडतं. प्रमाण वर गेलं की हुकूम थांबतो. एलडीएल पेशीत कसं घेतलं जातं हे ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी शोधलं, त्यासाठी त्यांना 1985 चं नोबेल मिळालं. हा आतला पहारेकरीही त्यांच्याच प्रयोगशाळेत सापडला.

स्टॅटिनची गोळी याच पहाऱ्याचा फायदा घेते. ती यकृतात कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवते. यकृताला आत तुटवडा जाणवतो, आणि ते रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेऊ लागतं. तुमच्या रिपोर्टातला आकडा उतरतो तो मुख्यतः असा.

हिशेब बिघडला की काय होतं, ते माझ्या टेबलावर येतं. यकृत पार निकामी झालेल्या काही पेशंटच्या रक्ताच्या स्मिअरमध्ये लाल पेशींवर वेडेवाकडे काटे दिसतात. लाल पेशी स्वतः कोलेस्टेरॉल बनवत नाही. रक्तातून येईल ते तिच्या पटलात शिरतं. ते प्रमाणाबाहेर शिरलं की पटल ताठरतं, आणि अशा पेशी प्लीहेतल्या अरुंद वाटांमधून जाताना मोडतात. पेशंटला वरून आणखी ॲनिमिया होतो.

दुसरी जागा म्हणजे धमनीची भिंत. तिथे साचलेलं एलडीएल भक्षक पेशी गिळतात, आणि गिळून गिळून फुगतात. शेवटी कोलेस्टेरॉलचे स्फटिक तिथेच पडतात. अशा धमनीचा तुकडा आमच्याकडे आला की स्लाइड बनवताना तो अल्कोहोल आणि झायलीनमधून जातो. त्यात कोलेस्टेरॉल विरघळून निघून जातं. मग मायक्रोस्कोपखाली गुलाबी रंगलेल्या भागात दोन्ही टोकांना निमुळत्या, सुईसारख्या पांढऱ्या फटी दिसतात, रिकाम्या. त्या फटींवरून आम्ही ओळखतो की इथे कोलेस्टेरॉल होतं.

हे झालं प्राण्यांचं. वनस्पतींच्या पटलात कोलेस्टेरॉल नसल्यातच जमा. तिथे सिटोस्टेरॉलसारखे दुसरे स्टेरॉल असतात. चार वलयं तीच, शेपटीवर फक्त दोन कार्बनची जास्तीची फांदी. एवढा फरकही आपलं आतडं ओळखतं आणि त्यातलं बहुतेक सिटोस्टेरॉल माघारी ढकलतं. तेव्हा शेंगतेलाच्या पिशवीवर ‘झीरो कोलेस्टेरॉल’ छापलं असलं तर ते खरंच आहे, पण त्यात कंपनीचा काही पराक्रम नाही.

बुरशीच्या पटलात असतं एर्गोस्टेरॉल. वलयांत एक जास्तीचा दुहेरी बंध, शेपटीत आणखी एक, आणि एक मिथिल. बुरशीवरची आपली बरीचशी औषधं एवढ्याशा फरकावर चालतात. 1950 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांनी निस्टॅटिन शोधलं. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. नमुने टपालानं जायचे-यायचे. व्हर्जिनियातल्या एका शेताच्या मातीतल्या जिवाणूकडून ते औषध मिळालं. काही वर्षांत व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून ॲम्फोटेरिसिन बी आलं. 2021 मध्ये कोविडपाठोपाठ म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार पसरला, तेव्हा याच इंजेक्शनसाठी महाराष्ट्रात नातेवाइकांनी गावोगाव मेडिकल पालथी घातली होती.

ॲम्फोटेरिसिन एर्गोस्टेरॉलला धरतं. धरून बुरशीच्या पटलाला भोक पाडतं, अशी बरीच वर्षं समजूत होती. 2014 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या मार्टिन बर्क यांच्या गटानं दाखवलं, की या औषधाचे मोठे पुंजके पटलाच्या बाहेरून बसतात आणि आतलं एर्गोस्टेरॉल शोषून काढतात. स्टेरॉल गेलं की पेशी मरते. पण एर्गोस्टेरॉल आणि कोलेस्टेरॉल चुलत भावंडं असल्यानं हे औषध आपल्या पेशींनाही, विशेषतः किडनीला, त्रास देतं. तो कमी करण्यासाठी औषध चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरतात, त्याला लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन म्हणतात. त्या गोळ्यांच्या पटलातही कोलेस्टेरॉल घातलेलं असतं, औषध वाटेत गळू नये म्हणून.

स्टॅटिनचं मूळ तर बुरशीतच आहे. जपानच्या अकिरा एंडो यांनी 1970 च्या दशकात सुमारे 6,000 सूक्ष्मजीव तपासले आणि एका पेनिसिलियममधून पहिलं स्टॅटिन काढलं. त्यांचा तर्क असा होता, की बुरशी शत्रूचं स्टेरॉल बंद पाडायला काहीतरी बनवत असणार.

शेवटचा मुद्दा आजचा आहे आणि घरोघरचा आहे. गेली काही वर्षं गजकर्ण बरं होता होत नाही, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. आमच्याकडेही खरवडलेल्या त्वचेचे नमुने येतात. केओएच, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात त्वचेच्या पेशी विरघळत जातात आणि बुरशीचे फांद्या फुटलेले धागे दिसू लागतात. टर्बिनाफिन हे गजकर्णावरचं नेहमीचं औषध बुरशीचं एक एन्झाइम अडवतं, एर्गोस्टेरॉल बनू देत नाही. आता त्या एन्झाइमच्या जनुकात बदल झालेली, औषधाला दाद न देणारी बुरशी भारतात पसरली आहे. 2020 मध्ये तिचं नावच ट्रायकोफायटन इंडोटिनी ठेवलं गेलं. स्टिरॉइड आणि दोन-तीन औषधं एकत्र केलेली मलमं सर्रास वापरल्यानं हे दुखणं बळावलं, असं तज्ज्ञ मानतात. स्टिरॉइडच्या रेणूतही तीच चार वलयं असतात; ते त्वचेचा प्रतिकार दाबतं, खाज थांबते, आणि खाली बुरशी पसरत राहते.

म्हणून दोन विनंत्या. कोलेस्टेरॉल शरीराला लागतं हे वाचून कुणी स्टॅटिनची गोळी परस्पर बंद करू नये. ती धमनीत चुकीच्या जागी साचणाऱ्या कोलेस्टेरॉलसाठी आहे. आणि गजकर्णावर दुकानदारानं दिलेलं मलम लावू नये. केओएच तपासणी साधी आणि स्वस्त आहे, ती करून घ्या. त्वचेच्या डॉक्टरांनी जितके आठवडे सांगितलं तितके आठवडे, खाज थांबली तरी, औषध घ्या. घरात आणखी कुणाला चट्टे असतील तर त्यांनाही सोबत न्या.